बेसमेंटमध्ये चाललंय तरी काय?

ऐकलंत का? आपल्यातल्या चांगल्या चांगल्या घरांतली मुलं कामातून गेली आहेत. अमेरिकाभरची: एडिसनची, नेपरव्हिलची, फ्रिमाँटची. ज्यांच्या आया रविवारी मराठी शाळेत बाराखडी गिरवून घेतात, त्यांचीसुद्धा. शनिवारी संध्याकाळी पाच-सहा जण कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये उतरतात, दार लोटून घेतात आणि चार-चार तास वर येत नाहीत. दारू नाही हो, दारूचं एक वेळ समजून घेतलं असतं. फोनसुद्धा नाही! फोन टोपलीत काढून ठेवतात. सोळा वर्षांचा मुलगा कुणी न सांगता हातातला फोन खाली ठेवतो, म्हणजे मामला किती गंभीर असेल विचार करा.

आत एक जण पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे बसतो. त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणायचं. तो अंधाऱ्या गुहेचं, पडक्या किल्ल्याचं वर्णन करतो. समोरची मंडळी आपापला कागद घेऊन बसलेली. त्यावर प्रत्येकाचं सोंग लिहिलेलं: हा बुटका लढवय्या, ती चेटकीण, तो देवळातून हाकललेला पुजारी. मास्टर विचारतो, “आता तुम्ही काय करणार?” प्रत्येक जण सांगतो आणि वीस बाजूंचा फासा टाकतो. आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फजिती. पैसा लावत नाहीत. ज्या संस्कृतीत एका द्यूतापायी अख्खं महाभारत घडलं, तिथल्या माणसाला पैसे न लावता टाकलेला फासा जास्तच संशयास्पद वाटणार! आणि कहर म्हणजे या खेळात जिंकत कुणीच नाही. पुढच्या शनिवारी गोष्ट तिथूनच सुरू होते. एका हवालदिल वडिलांनी मला विचारलं, “जिंकतच नाहीत, तर कॉलेजच्या अर्जात लिहायचं काय?” मला उत्तर सुचलं नाही.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, लाडात डी अँड डी. कूळ काढलं तर तेही काही फार प्रतिष्ठित नाही. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं छोटंसं तळ्याकाठचं गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ राहायचा. शिकागोतली विम्याची नोकरी गेली, तेव्हा घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवायचा, आणि उरलेला वेळ टेबलावर शिशाच्या सैनिकांच्या लढाया. तिकडे मिनेसोटात डेव्ह आर्नेसन अशाच एका टोळक्यात खेळत होता, पण त्या टोळक्याला वेगळीच चटक लागली होती: अख्खं सैन्य हलवायचं नाही, एकेकाने एकच माणूस व्हायचं. दोघांचं जुळलं आणि १९७४मध्ये पहिल्या हजार पेट्या बाजारात आल्या. किंमत १० डॉलर. पेट्या घरात बसून हाताने भरल्या होत्या. वर्षभरात संपल्या.

आता कान इकडे करा. “सगळ्यांनी मिळून खेळा, कुणी कुणाला हरवायचं नाही” असा खेळ ज्यांनी जगाला दिला, ते दोघे जन्मदाते पुढे काय करत होते ठाऊक आहे? कोर्टात! आर्नेसनने १९७९मध्ये मानधनासाठी दावा लावला, तो १९८१मध्ये मिटला. गायगॅक्सच्या हातून तर १९८५मध्ये स्वतःच उभी केलेली कंपनी निसटली. भाऊबंदकी ही काही एकट्या आपली मिरास नाही, हे वाचून मला तरी बरं वाटलं.

आज आपण ज्या आवाजात कुजबुजतो आहोत त्याच आवाजात सारी अमेरिका चाळीसेक वर्षांपूर्वी ओरडत होती. १९७९मध्ये मिशिगनमधल्या एका विद्यापीठातला विद्यार्थी बेपत्ता झाला. मुलं वाफेच्या पाइपांच्या भुयारांत हा खेळ खेळतात आणि तिथेच तो हरवला, अशी आवई उठली. तो पुढे दुसऱ्या राज्यात सापडला, त्याच्या यातना निराळ्याच होत्या, पण आवई उठली ती उठलीच. तिच्यावर कादंबरी आली, १९८२मध्ये टीव्हीवर सिनेमा आला, आणि त्यात खेळापायी भ्रमिष्ट होणारा तरुण झाला होता कोवळा टॉम हँक्स. १९८४मध्ये धर्मप्रचाराची एक चित्रपुस्तिका निघाली, तिच्यात हा खेळ खेळणाऱ्या पोरी थेट चेटूक शिकतात. व्हर्जिनियात मुलगा गमावलेल्या एका आईने खेळाविरुद्ध संघटना उभारली. तिच्या दुःखाची चेष्टा कुणी करू नये आणि मीही करणार नाही. पण १९८५मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’सारख्या भारदस्त कार्यक्रमात खेळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, आणि देशभरच्या आयांनी पोरांच्या खोल्या धुंडाळल्या. सैतान काही सापडला नाही. सापडले ते फासे, पेन्सिली आणि चिप्सचा चुरा. व्हायचं तेच झालं: बोंब जितकी मोठी, तितका खप मोठा.

तुरुंगाचा किस्सा तर मी कुणाला सांगितल्याशिवाय राहतच नाही. विस्कॉन्सिनच्याच वॉपन तुरुंगात एका कैद्याने स्वतःच्या हाताने ९६ पानांचा डाव लिहून काढला होता. अधिकाऱ्यांनी तो जप्त केला आणि खेळावरच बंदी घातली. कैदी कोर्टात गेला. २०१०मध्ये अपील कोर्टाने बंदी उचलून धरली. अधिकाऱ्यांचा मुद्दा असा, की या खेळात एक जण म्होरक्या असतो आणि बाकीचे त्याच्या सांगण्यावर चालतात, म्हणजे ही टोळीचीच रंगीत तालीम. ज्याने आयुष्यात एकदा तरी मास्टरकी केली आहे तो हे वाचून हसेल की रडेल, सांगता येत नाही. सांगण्यावर चालतात? मास्टर बिचारा आठवडाभर जागून राजवाडा रचतो, सात दालनं, दोन गुप्त दारं, एक कपटी प्रधान. मंडळी राजवाड्याच्या बाहेरच दोन तास चणेवाल्याशी गप्पा मारत बसतात, त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करतात आणि शेवटी त्यालाच बरोबर घेऊन परत फिरतात. अशी टोळी चालवून दाखवावी त्या अधिकाऱ्यांनी.

आपल्या धार्मिक भावना अजून दुखावल्या नसतील तर तीही सोय आहे. या खेळाच्या १९७७च्या राक्षसग्रंथात आपला राक्षस आहे. कसा? वाघाचं डोकं, अंगात उंची झगा आणि वर साहेबासारखा पाइप! तो मरतो कशाने, तर मंत्रून दिलेल्या विलायती धनुष्याच्या बाणाने. रामायण धुंडाळू नका, ही युक्ती १९७४च्या एका अमेरिकन भुताटकीच्या मालिकेतून आली आहे. १९८०च्या देवदेवतांच्या पुस्तकात तर इंद्र, अग्नी, वरुण, यम यांची नावं घालून प्रत्येकापुढे तो किती घाव सोसू शकतो याचा आकडा छापला होता. यमाला मारायला किती घाव लागतात याचं कोष्टक! पुढे अक्कल आली म्हणायची. २०२२मध्ये वेगवेगळ्या संस्कृतींतल्या लेखकांकडून त्यांच्या त्यांच्या मातीच्या कथा लिहवून घेतलेलं पुस्तक निघालं, त्यात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालचा वास असलेला प्रदेश रचला. म्हणजे इथेही बंगाल्यांनी आपल्याआधी नंबर लावला. कोकण अजून नकाशावर नाही, आणि आपल्या महाराष्ट्र मंडळात या प्रश्नावर एकही ठराव नाही!

पण खरा धक्का मला निराळाच बसला. बेसमेंटच्या जिन्यावर चहाचे कप घेऊन उभी होते (मुद्दाम नव्हे, चहा गरम होता), तेव्हा कानावर आलं ते सैतानाचं आवाहन नव्हतं. मास्टर झालेली मुलगी विचारत होती, “गोष्टीत काय काय आलेलं कुणाला चालणार नाही?” एक म्हणाला, कोळी नको. दुसरी हळूच म्हणाली, दवाखान्यात कुणी मरतंय असं नको. कुणी ‘का’ असं विचारलं नाही, कुणी हसलं नाही. मास्टरने लिहून घेतलं आणि ती पुढे गेली. खेळ सुरू होण्याआधीच्या या बैठकीला म्हणे ‘सेशन झीरो’ म्हणतात. गोष्टीत मुळीच येणार नाही ते कोणतं, आणि आलं तरी पडद्याआड घडेल ते कोणतं, हे आधी ठरवायचं. आपण घरात सून आणतो तेव्हा इतकी चौकशी करतो का?

त्याहून भयंकर ते कार्ड. साधं कार्ड, त्यावर फुली. जॉन स्टाव्ह्रोपुलोस नावाच्या खेळाडूने २०१३मध्ये रूढ केलं. टेबलाच्या मधोमध ठेवायचं. गोष्ट कुणाला असह्य झाली तर त्याने कार्डाला नुसता हात लावायचा. तो प्रसंग तिथेच पुसला जातो आणि कारण विचारायचं नसतं. बेसमेंटमध्ये ठीक आहे हो! पण पोरांनी ते वर आणलं, जेवणाच्या टेबलावर. भारतातून आलेल्या आत्याबाईंनी श्रीखंड वाढता वाढता प्रेमाने विचारलं, “मग काय रे, एसएटीला किती पडले?” पोराने एक शब्द न बोलता कार्डावर बोट ठेवलं. आत्याबाईंना वाटलं श्रीखंड आवडलं नाही. “बरं, वजन वाढलंय का जरा?” पुन्हा बोट. अशाने उद्या नातेवाइकांना एकमेकांशी बोलायला विषय तरी उरेल का?

या मंडळींचं पापपुण्य काय, तेही मी खणून काढलं. चोरी, खून, राक्षसांचे मुडदे यांचं त्यांना काही नाही. गोष्टीत वाटेल ते करा. पाप आहे ते टेबलावरचं. आपली पाळी येईपर्यंत झोपा काढायच्या आणि पाळी आली की “थांबा हं, माझा मंत्र कुठे लिहिलाय” म्हणून पानं चाळायची, हे पाप. फासा टेबलाखाली गेला की “सतरा पडला होता, मी बघितला” म्हणायचं, हे पाप. नियमपुस्तकाचं पान काढून मास्टरला प्रत्येक वाक्याला अडवायचं, हे तर घोर पाप. अशा माणसाला ते ‘रूल्स लॉयर’ म्हणतात. हे ऐकताना मला आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेतले, घटनेची झेरॉक्स बगलेत घेऊन येणारे एक गृहस्थ फार आठवले. दिसेल त्याला कापत आणि लुटत सुटणाऱ्याला ‘मर्डर होबो’ असं गोड नाव आहे. आणि येतो म्हणून न येणं हे महापाप. म्हातारे खेळाडू सांगतात, की आजवर ड्रॅगनने जेवढे डाव संपवले नसतील तेवढे “या शनिवारी मला जमेलसं वाटत नाही” या वाक्याने संपवले.

पण या सगळ्यांवर कडी करणारं एक पाप आहे. एखादा गडी आपल्याच सोबत्याची थैली मारतो. किंवा सगळ्यांनी महिनाभर खपून जुळवलेला तह राजासमोर एक शिवी हासडून मोडतो. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, की तो खांदे उडवून म्हणतो, “मी काय करू? माझं पात्रच तसं आहे.” झालं! या एका वाक्यावर अमेरिकेत टेबलं मोडली आहेत, मैत्र्या तुटल्या आहेत. जुन्या खेळाडूंचं यावरचं उत्तर मला फार आवडलं: पात्र तसं आहे, पण ते पात्र बनवलं कुणी? तूच ना? मग असं बनव की ज्याला इतरांबरोबर एका वाटेने चालावंसं वाटेल. चोर हो, पण थैली परक्याची मार. तुसडा हो, पण तुसडेपणा सोडण्याचं एखादं कारण खिशात ठेव.

इथे मात्र माझा चहा घशाखाली उतरेना. कारण आपल्या तर पिढ्या या वाक्यावर पोसल्या आहेत. “ते तसेच आहेत हो, मनाने वाईट नाहीत.” “माझा स्वभावच फटकळ, मी तोंडावर बोलते.” अख्खं घर ज्यांच्या स्वभावाला वळसा घालून चालतं असा एक काका प्रत्येक कुटुंबात असतो, आणि त्यांना आजवर कुणी विचारलं नाही की हे पात्र लिहिलं कुणी. आता ही तळघरातली पोरं विचारतील. तो दिवस आला की आपली कुटुंबव्यवस्था काही टिकत नाही, मी आताच सांगून ठेवते.

पुण्यही विचित्र. चांगला खेळाडू कोण? जो सगळ्यात जास्त राक्षस मारतो तो नव्हे, आणि ज्याचा अभिनय सगळ्यात फर्डा तोही नव्हे. अभिनयवाल्याची तर त्यांना धास्तीच असते. तो एकदा बोलायला लागला की बाकीच्यांच्या पिझ्झ्यावरचं चीज गोठतं. चांगला तो, की ज्याच्या लक्षात असतं, कोपऱ्यातली ती गप्प मुलगी तासाभरात बोललेली नाही. मग तो गोष्टीतच तिच्याकडे वळतो आणि म्हणतो, “पुजारीबुवा, या शिलालेखाबद्दल तुमचं मत काय?” इतकंच. ती सावरून बसते, पुढची वीस मिनिटं तिची. हे काही पुण्यकर्म म्हणून कुणी मोजत नाही, पण त्या खेळाडूला पुढच्या डावाचं बोलावणं हमखास येतं.

मी ओळखलं हे. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो, तेव्हा नटांच्या हातात लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद मात्र तिथल्या तिथे, समोरच्याचं ऐकून. समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलला नाही तर आख्यान पडतं, मग तुमचा मुकुट कितीही झगमगता असो. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं त्या नटांबद्दल तिकडे म्हणतात. आमची पोरंही शनिवारी रात्री चक्रवर्ती आणि सोमवारी पाठीवर दप्तर. फरक एवढाच, की दशावताराला प्रेक्षक असतात.

असं मी म्हणणार, तोच कळलं की प्रेक्षकसुद्धा आहेत! लोक दुसऱ्यांना हा खेळ खेळताना बघतात. लॉस एंजेलिसचे काही आवाजी कलाकार २०१५पासून ‘क्रिटिकल रोल’ या नावाने चार-चार तास खेळतात आणि जग बघतं. २०१९मध्ये त्यांनी आपल्या गोष्टीच्या कार्टूनसाठी चाहत्यांकडे साडेसात लाख डॉलर मागितले. चाहत्यांनी १ कोटी १३ लाखांहून जास्त टाकले. त्यांचा तेव्हाचा मास्टर मॅट मर्सर इतका निष्णात, की घरोघरीच्या साध्या मास्टरांना न्यूनगंड आला: “तू मर्सरसारखे आवाज का काढत नाहीस?” मर्सरने स्वतः लोकांना समजावलं की बाबांनो, ते आमचं पोट आहे, तुम्ही तुमच्या घरचं खेळा. २०२५च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, जिथे मुष्टियुद्धं होतात तिथे, लोकांनी तिकीट काढून टेबलाभोवती बसलेल्या दुसऱ्याच एका टोळीचे फासे बघितले. ज्या खेळाला सैतानाचा म्हणत होते, त्याच्या पन्नाशीला, २०२४मध्ये, अमेरिकन सरकारने पोस्टाची तिकिटं काढली. ती प्रसिद्ध झाली इंडियानापोलिसच्या जेन कॉन मेळ्यात, सत्तर हजारांहून जास्त खेळाडूंच्या गर्दीत. सियाटलकडे तर बुजऱ्या मुलांना बोलतं करायला उपचार म्हणूनही हा खेळ वापरतात. सरकार फितलं, डॉक्टर फितले, आता दाद मागायची कुणाकडे?

बरं, एवढे सगळे नियम लक्षात ठेवायचे नसतील तर एक सोपा नियमही आहे. विल व्हीटन या नटाने २००७मध्ये पॅक्स नावाच्या खेळमेळ्यात तो सांगितला. चार शब्दांचा आहे, अत्यंत शहाणा आहे आणि सभ्य मासिकात छापण्यासारखा नाही. घरातल्या तरुणांना विचारा, त्यांना येतो. सांगताना ते जरा लाजतील.

आता परवाची ताजी खबर. आपल्याच एका मंडळातल्या मुलांनी अर्ज दिला, की यंदा गणेशोत्सवात आरती आणि महाप्रसादाच्या मध्ये आम्हाला एक टेबल द्या, मोठ्यांना खेळ शिकवतो. समितीत खडाजंगी झाली. एकांनी फासे सोवळ्यात चालतात का हे विचारलं, दुसऱ्यांनी पुठ्ठ्याच्या आडोशाचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते विचारलं. शेवटी परवानगी मिळाली, पण अध्यक्षांनी अट घातली की मास्टर तेच होणार, कारण घटनेप्रमाणे कोणत्याही टेबलाच्या अग्रस्थानी अध्यक्ष बसतात. मुलांनी चेहरा न हलवता हो म्हटलं. फक्त म्हणाली, “काका, आधी सेशन झीरोला यावं लागेल. त्यात बोलायचं कमी आणि ऐकायचं जास्त असतं.”

अध्यक्षांनी डायरी काढली, चष्मा लावला आणि विचारलं, “त्याला कोरम किती लागतो?”